पायगुण

उद्यान चौकाचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. सदस्य चुळबुळ करत होते. वेणापूर महानगरपालिकेच्या पादचारी कक्षाची प्रमुख केतकी उमाळे माईकसमोर उभी राहिली, तेव्हा आयुक्तांनी मागून हळूच सांगितलं, "थोडक्यात आटपा."

थोडक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं. शहरातल्या मोठ्या चौकांमध्ये, पदपथाच्या टोकाला आणि झेब्रा पट्ट्यांखाली, तिच्या कक्षानं वेगळ्या फरशा बसवल्या होत्या. त्या फरशीच्या पोटात कागदाइतका पातळ पापुद्रा होता. त्यावर दाब पडला की अगदी क्षीण वीज तयार व्हायची. टाच टेकली, भार चवड्यावर गेला, अंगठ्यानं जमीन सोडली, या सगळ्यांत ती वीज कमीजास्त व्हायची आणि तिचा एक आलेख उमटायचा. हा आलेख माणसामाणसाचा निराळा. दोघांची सही जशी एकसारखी येत नाही, तशीच दोघांची चालही येत नाही. केतकी त्याला चालखूण म्हणायची. फरशीला कोणाचं नाव ठाऊक नसे, पण चालखूण ती विसरत नसे. कुबडी घेऊन कोण येतं, कोणाचा गुडघा धरलाय, कोणाच्या कडेवर मूल आहे, हे तिला कळायचं. आणि तेवढा वेळ सिग्नल हिरवा राहायचा. शेवटचं पाऊल पलीकडे टेकेपर्यंत गाड्या थांबायच्या.

"आणि या चौकातच ही सोय बंद करायचा ठराव आहे," केतकी म्हणाली. "बागेत फिरायला येणारी सगळ्यांत जास्त वयस्कर माणसं इथूनच रस्ता ओलांडतात. म्हणून माझी विनंती आहे की…"

"मॅडम, एक मिनिट." स्थायी समितीचे सभापती जयवंत सरोदे बसल्या जागेवरूनच बोलले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. आवाज मऊ, चेहऱ्यावर कायम थोडं हसू. "बागेसमोर व्यापार संकुल उभं राहतंय. शहराच्या पोरांना तिथं काम मिळणार आहे. गिऱ्हाईक गाडीतून येणार, आणि चौकात अडकून पडणार. का, तर कोणीतरी आजोबा रमतगमत रस्ता ओलांडतायत. म्हाताऱ्यांकडे अख्खा दिवस असतो हो. गिऱ्हाइकाकडे नसतो. शहर म्हाताऱ्यांच्या चालीनं चाललं तर पोचेल कुठे?"

सभागृहात हशा पिकला. ठराव मंजूर झाला. बागेचा अर्धा भाग संकुलाच्या पार्किंगला द्यायचा, रस्ता रुंद करून मधला दुभाजक काढायचा आणि उद्यान चौकातला सिग्नल सगळ्यांसाठी एकाच ठरलेल्या वेळेचा ठेवायचा, असे तिन्ही विषय एका दमात झाले आणि सदस्य जेवायला उठले.

केतकीचे वडील प्रल्हाद उमाळे याच चौकातून रोज बागेत जात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर इंजिनं उघडली आणि जोडली होती. निवृत्तीनंतर हातांना कंप सुटला, मग पायांनाही. कंपवातात एक प्रकार असा होतो की माणूस चालता चालता मध्येच थांबतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. मन म्हणतं चल, पाय ऐकत नाही. डॉक्टर त्याला पाऊल गोठणं म्हणतात. केतकीनं फरशांचं काम हातात घेतलं ते बाबांचं पाऊल पहिल्यांदा गोठलं त्यानंतर. शहरात सगळ्यांत आधी नोंदलेली चालखूण त्यांचीच होती.

ठरावानंतर तिनं त्यांना सांगून पाहिलं. "बाबा, काही दिवस मागच्या गल्लीतच फिरा."

"मागच्या गल्लीत काय आहे? गटार आणि कुत्री," ते म्हणाले. "अर्धी का होईना, बाग आहे अजून."

थंडीतल्या एका सकाळी ते रस्त्याच्या मधोमध गोठले. सिग्नल बदलला. नव्या गाड्या सिग्नल स्वतः वाचत. हिरवा आहे म्हटल्यावर त्या वेग कमी करत नसत, आणि आत बसलेली माणसं गाडीवर सोडून निवांत असत. दुभाजक असता तर त्याला धरून ते उभे राहिले असते. दुभाजकाच्या जागी आखलेल्या पिवळ्या रेघेवर बराच वेळ उभे होते, असं पलीकडच्या फुलवालीनं सांगितलं. हात पुढे करून कोणाला तरी थांबायला सांगत होते. मग त्यांचा तोल गेला.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष सरोदेच. पादचाऱ्यानं वेळेत रस्ता ओलांडला नाही, सबब दोष पादचाऱ्याचा, असा निष्कर्ष निघाला. सांत्वनाला कोणी आलं नाही. संकुलाचं उद्घाटन मात्र ठरल्या दिवशी झालं.

केतकीनं नोकरी सोडली नाही. लोकांना याचं नवल वाटलं. तिच्या आईनं, मंदाकिनीबाईंनी, विचारलं नाही. त्या पूर्वीसारख्याच सकाळी उठत, दोघींचा चहा करत आणि खिडकीत बसत.

महानगरपालिकेचं कार्यालय संकुलाशेजारच्या नव्या इमारतीत हललं. गाड्या बागेच्या अर्ध्या जागेवर झालेल्या पार्किंगमध्ये ठेवायच्या आणि उद्यान चौक पायी ओलांडून कचेरीत यायचं, अशी व्यवस्था झाली. यातून कोणाचीच सुटका नव्हती. पादचारी कक्षाला तिसऱ्या मजल्यावरची चौकाकडची खोली मिळाली. एका दुपारी केतकी खिडकीपाशी उभी असताना खाली सरोदे एकटेच सिग्नलला उभे असलेले तिला दिसले. तिनं वळून पडद्याकडे पाहिलं. फरशीवर एकच चालखूण उमटली होती. भारदस्त टाच, उजवा पाय किंचित बाहेर फेकलेला, घाईत नसलेल्या माणसाची ऐसपैस पावलं. ती खूण बराच वेळ ती बघत राहिली.

मग तिनं एक साधी गोष्ट केली. चौकाचा सिग्नल ठरलेल्या वेळेचा असला तरी तो कधी लागायचा हे फरशाच ठरवत. कोणी उभं नसेल तर तो पादचाऱ्यांसाठी लागतच नसे. तिनं फरशांना सांगितलं की ही खूण उभी असेल, तर तिथं कोणीही उभं नाही असं समजायचं.

पहिल्या दिवशी सरोदे थांबले आणि कंटाळून परत गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी लोक खोळंबले. फोन करायला म्हणून सरोदे झाडाखाली गेले आणि सिग्नल लगेच लागला. बाकीचे गेले, ते धावत येईपर्यंत बंद झाला. लाल सिग्नलला रस्ता ओलांडणाऱ्याला दंड आणि चौकातल्या फलकावर फोटो, हा नियम त्यांच्याच समितीनं केला होता. एकदा त्यांनी तसाच रस्ता ओलांडला. फलकावर त्यांचा फोटो संध्याकाळपर्यंत झळकला.

तक्रार अर्थातच केतकीकडे आली. सरोद्यांचा स्वीय सहायक पिंपळे वर येऊन म्हणाला, "मॅडम, भाऊसाहेब उभे राहिले की सिग्नल लागत नाही."

"सिग्नलला काय माहीत कोण भाऊसाहेब?" केतकी म्हणाली. "फरशांना नाव कळत नाही, पिंपळे. तुम्ही सभेत होतात की."

माणूस पाठवून तिनं फरशा तपासून घेतल्या. त्या उत्तम चालत होत्या. तसा अहवालही दिला.

पुढचं काम लोकांनी केलं. ते तिनं योजलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. आधी सिग्नलला उभी असलेली माणसं हसत म्हणायची, "भाऊसाहेब, जरा बाजूला उभे राहता का, आम्हाला कामावर जायचंय." मग कोणीतरी तो शब्द उच्चारला. भाऊसाहेबांचा पायगुण. विजेच्या गाड्या आणि चाल ओळखणाऱ्या फरशा असलेल्या त्या शहरात तो जुना शब्द आठवड्याभरात घरोघरी पोचला. संकुलात गिऱ्हाईक का नाही? उद्घाटनाला पहिलं पाऊल कोणाचं पडलं ते आठवा. अमक्याचं लग्न का मोडलं? साखरपुड्याला कोण आलं होतं? दुकानांच्या उद्घाटनाला त्यांना बोलावणं थांबलं. वास्तुशांतीची आमंत्रणं पोचायची, पण समारंभाच्या दुसऱ्या दिवशीची. गणपतीत मंडळाच्या पोरांनी त्यांना मांडवाबाहेरच हार घातला आणि तिथूनच निरोप दिला.

निवडणूक जवळ आली तशी सरोद्यांनी पदयात्रा काढली. केतकी खिडकीतून बघत होती. ढोलताशे, फेटे, पुढे भाऊसाहेब हात जोडून. यात्रा उद्यान चौकात आली आणि थांबली. ढोल वाजत राहिले. सिग्नल लागेना. फलकाच्या भीतीनं कोणी पुढे होईना. ऊन चढलं. ढोलवाले दमून थांबले, तशी मागची माणसं गळायला लागली. शेवटी पक्षाच्याच एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यानं सरोद्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना रसवंतीच्या बाकड्यावर नेऊन बसवलं, आणि त्याच क्षणी सिग्नल हिरवा झाला. गर्दीतून जे हसू उठलं ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं.

आठवड्यानं पक्षाची यादी लागली. सरोद्यांचं तिकीट कापलं होतं.

त्या दिवशी केतकी घरी जाताना पेढे घेऊन गेली. मंदाकिनीबाईंनी पुडा उघडला नाही. "कशाचे?" त्यांनी विचारलं.

केतकीनं सगळं सांगितलं. पहिल्या दुपारपासून पदयात्रेपर्यंत. सांगताना तिला मधूनमधून हसू येत होतं. आई हसली नाही.

"म्हणजे हे पायगुणाचं तू केलंस."

"लोकांनी केलं. मी फक्त सिग्नल बंद ठेवला."

"मी लग्न होऊन या घरात आले, आणि महिन्याच्या आत तुझे आजोबा गेले," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सासूबाईंनी हाच शब्द वापरला होता. तू होईपर्यंत मला कोणाच्या डोहाळजेवणाला बोलावलं नाही. तुझे बाबा एकटे होते जे त्यावरून भांडले. आणि तू त्यांच्या नावानं तोच शब्द गावभर फिरवलास."

पेढ्यांच्या पुड्याचा दोरा आईनं बोटाला गुंडाळला, सोडला.

"आणि त्यानं त्याचं काय झालं? रस्त्याच्या कडेला उभा राहिला, लोक हसले, घरी जाऊन जेवला. तुझे बाबा कडेला नव्हते उभे, केतकी. ते मध्ये होते."

"आई, तू काय म्हणतेयस ते तुला कळतंय ना?"

"मला कळतंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या.

त्यानंतर दोघी त्या विषयावर बोलल्या नाहीत. पण केतकी कचेरीत बसली की तिला दुसरं काही सुचत नसे. ते करणं अवघड मुळीच नव्हतं. ही खूण आली की सिग्नल लागू दे. ती मधोमध पोचली की बंद कर. मग पुन्हा लावू नकोस. तिनं ते लिहून ठेवलं, पुसलं, परत लिहिलं. बाबांचं पाऊल जमिनीवर पडताना आपण खिडकीतून रोज बघतोय, असं तिला वाटायचं. प्रत्यक्षात खाली सरोदे असायचे. तिकीट गेलं तरी मुदत संपेपर्यंत ते सभापती होते आणि रोज कचेरीत येत होते.

शेवटी तिनं ते फरशांना सांगितलं आणि हातात टॅब घेऊन खाली गेली. चौकाच्या कोपऱ्यावर फुलवालीच्या टोपलीपाशी उभी राहिली. दुपारची वेळ होती, उन्हामुळे माणसं कमी होती. पलीकडून सरोदे आणि पिंपळे आले. सिग्नल लगेच हिरवा झाला. सरोदे क्षणभर थांबले. इतक्या दिवसांनी तो आपल्यासाठी लागला यावर त्यांचा विश्वास बसत नसावा. मग कोणी बघतंय का पाहत, थोडे हसतच ते उतरले. पिंपळे मागे फोनवर बोलत राहिला.

ते पिवळ्या रेघेवर आले आणि सिग्नल गेला.

गाड्या सुटल्या. पुढून एक रांग, मागून एक रांग. माणूस रेघेवर आहे, वाटेत नाही, एवढं गाड्यांना कळत होतं; त्या त्याच्या सदऱ्याला वारा लावत वेगानं निघून जात होत्या. सरोद्यांनी पुढे पाय टाकला आणि मागे घेतला. हात वर केला. कोणी पाहिलं नाही.

केतकीनं त्यांना फोन लावला. त्यांनी चाचपडत खिशातून काढला.

"भाऊसाहेब, मी केतकी उमाळे. समोर बघा. फुलवालीपाशी."

त्यांनी पाहिलं. "मॅडम, बरं झालं. सिग्नल बिघडलाय. काहीतरी करा लवकर."

"बिघडलेला नाही."

गाड्यांच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं की नाही हे तिला आधी कळलं नाही. मग त्यांचा चेहरा बदलला.

"तुम्ही उभे आहात तिथं एक माणूस उभा होता," केतकी म्हणाली. "चौकशी तुम्हीच केलीत. त्यांचं नाव सांगा."

"तुमचे वडील ना? उमाळे."

"ते माझ्या आडनावावरून सांगताय. नाव सांगा."

"आत्ता ही वेळ आहे का, मॅडम? इथून बाहेर काढा मला."

"नाव."

"नाही माहीत," सरोदे म्हणाले. एक मालमोटार अगदी जवळून गेली. त्यांनी डोळे मिटले. "मला नाही माहीत हो त्यांचं नाव. मी तुमच्या पाया पडतो. ठराव मागे घेतो. उद्याच्या उद्या घेतो, सगळ्यांसमोर घेतो."

"त्यासाठी मी हे करत नाहीये."

"मग कशासाठी?"

"तुम्ही तिथं उभं राहावं म्हणून."

फोन सरोद्यांच्या कानाला होता आणि केतकीला त्यांचा श्वास ऐकू येत होता. पलीकडे पिंपळे हात हलवत ओरडत होता. तिनं टॅबवर पाहिलं. रेघेवरच्या फरशीवर आता ती ऐसपैस खूण राहिली नव्हती. बारीक, भरभर थरथरणाऱ्या रेघा उमटत होत्या, जागच्या जागी, पाऊल न उचलता. तसा आलेख तिनं दुसऱ्या एकाच माणसाचा पाहिला होता. बाबांच्या शेवटच्या सकाळचा आलेख नोंदीत होता आणि तो उघडायची हिंमत तिला आजवर झाली नव्हती. पण तो असाच असणार हे तिला त्या क्षणी कळलं.

रेघा हलल्या. टाच सुटत होती. तिनं वर पाहिलं. सरोद्यांनी डोळे मिटूनच पाय उचलला होता.

"पाय टाकू नका," ती फोनवर म्हणाली. "भाऊसाहेब, आहे तिथंच थांबा. टाकू नका पाय." आणि तिचा अंगठा टॅबवर पडला होता. सिग्नल हिरवा झाला.

गाड्या थांबल्या. सगळा रस्ता मोकळा झाला तरी सरोदे हलले नाहीत. केतकी वाट बघत राहिली. मग चालत त्यांच्यापर्यंत गेली. त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता, ओठ हलत होते.

"चला," ती म्हणाली.

"पाय उचलत नाहीये."

घरात बाबांचं पाऊल गोठायचं तेव्हा ती त्यांच्या पुढ्यात आपलं पाऊल आडवं ठेवायची. नुसतं चला म्हटलं तर पाय ऐकत नाही. ओलांडायला काही दिसलं तर ऐकतो. तिनं सरोद्यांच्या बुटापुढे आपली चप्पल आडवी ठेवली. "यावरून पलीकडे टाका." त्यांनी टाकला. तिनं दुसरं पाऊल ठेवलं. असे ते दोघं कडेपर्यंत आले. कडेला पोचल्यावर त्यांनी तिचा हात झिडकारला.

"प्रल्हाद," केतकी म्हणाली. "प्रल्हाद उमाळे."

पिंपळेनं सगळं पाहिलं होतं आणि निम्मं फोनवर टिपलं होतं. पोलीस तासाभरात आले. केतकीनं काही लपवलं नाही. ती निलंबित झाली, काही दिवस कोठडीत राहिली, जामिनावर सुटली, आणि खटला उभा राहिला.

तो खटला चालायच्या आतच सरोद्यांनी आपला हिशेब चुकता केला. मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या सभेत त्यांनी ठराव मांडला की चालखूण ओळखणाऱ्या फरशा शहरभरातून काढून टाकाव्यात. ते पूर्वीच्याच मऊ आवाजात बोलले. "आज मी होतो. उद्या तुमच्यापैकी कोणीही असेल. कोणाच्या मनात कोणाचा राग आहे, आपल्याला कुठं माहीत असतं?" एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे पक्ष एक झाले. एकही हात विरोधात वर गेला नाही. रुग्णालयाच्या चौकातली, अंधशाळेसमोरची, स्टँडवरची, सगळीकडची फरशी उखडली गेली. सिग्नल एकाच वेळेचे झाले.

ती बातमी केतकीनं घरी बसून ऐकली. बाबांचा जीव घेतलेल्या शहरात तिनं बाबांसारख्या प्रत्येक माणसासाठी जे केलं होतं, ते एका दुपारच्या बदल्यात गेलं होतं. आई स्वयंपाकघरात होती.

"ऐकलंस?" केतकीनं विचारलं.

"ऐकलं." मंदाकिनीबाई हात पुसत बाहेर आल्या. "तुला तसं मीच सुचवलं होतं. ते माझ्यावर आहे, तू एकटीनं घेऊ नकोस." मग त्या केतकीसमोर येऊन बसल्या. "मला वाटलं होतं, तू हिरवा करणार नाहीस."

"मलाही वाटलं होतं."

"का केलास मग?"

"बाबांचे पाय दिसले मला तिथं."

मंदाकिनीबाईंनी मान डोलावली. तिला जवळ घेतलं नाही. सरोद्याचं नाव निघालं की त्यांचा चेहरा अजूनही तसाच घट्ट व्हायचा, तसा तो झाला. "त्यानं यांचं नाव घेतलं का, तू सांगितल्यावर?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदाकिनीबाई चप्पल घालून निघाल्या. कुठं, हे केतकीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बागेत." केतकी मागोमाग गेली. उद्यान चौकात सिग्नलच्या दोन्ही कडांना वयस्कर माणसं जमली होती. काठ्या, वॉकर, एकमेकांचे हात. सिग्नल लागायचा, ती उतरायची आणि अर्ध्यातून परत फिरायची. मंदाकिनीबाई सिग्नल लागल्यावर रस्त्यात उतरल्या, मधोमध पिवळ्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि सिग्नल गेल्यावरही हलल्या नाहीत. दोन्ही हात दोन्हीकडच्या गाड्यांच्या वाटेत आडवे पसरले. वाटेत माणूस दिसल्यावर गाड्या जागच्या जागी थांबल्या. हॉर्नचा कल्लोळ झाला. "या सावकाश," त्या कडेच्या लोकांना म्हणाल्या.

तेव्हापासून दोघी रोज संध्याकाळी चौकात उभ्या राहू लागल्या, एक या बाजूच्या गाड्यांसमोर, एक त्या बाजूच्या. पोलिसांनी एकदोनदा हटकलं. फलकावर दोघींचे फोटो रोज लागायचे आणि लोक ते बघत रस्ता ओलांडायचे. बागेत पुन्हा माणसं दिसायला लागली. यामुळे आपल्याला परत कोठडीत जावं लागू शकतं हे केतकीला ठाऊक होतं. वकिलानं तिला तिथं उभं राहू नका म्हणून बजावलं होतं.

एका संध्याकाळी तिच्यापुढे थांबलेल्या रांगेत सगळ्यांत पुढची गाडी सरोद्यांची होती. ते मागच्या सीटवर होते. काच बंद होती. त्यांनी तिला पाहिलं आणि मान वळवून पलीकडच्या खिडकीकडे केली. वॉकर घेतलेल्या एक आजी रस्ता ओलांडत होत्या, दर दोन पावलांनी थांबत, मागे वळून बरोबरच्या नातेवाइकांशी काहीतरी बोलत. त्यांना घाई नव्हती. केतकीनंही केली नाही. आजी पलीकडे पोचल्या, पदपथावर चढल्या, बागेच्या फाटकातून आत गेल्या.

रस्ता रिकामा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न धरला. सरोद्यांच्या ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "मॅडम, झालं ना सगळ्यांचं?"

"झालं," केतकी म्हणाली.

तिनं हात खाली घेतले नाहीत. सरोदे आता समोर बघत होते, तिच्या पायांकडे. पलीकडची बाजू सोडून मंदाकिनीबाई वळल्या, लेकीजवळ आल्या, गाडीत कोण आहे ते त्यांनी वाकून नीट पाहिलं, आणि तिच्या शेजारी, गाडीच्या अगदी तोंडापुढे, हात आडवे करून उभ्या राहिल्या.